पारा भरायची खोली

सातपूर, नाशिक
१७ जून १९७९

प्रिय यशोदा,
सप्रेम जयभीम.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुझी खुशाली कळव. तू मालेगावला मावशीकडे गेलीस त्याला पाच महिने झाले. जाताना माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून मीच लिहायला बसले. तुझ्या दादांना या पत्राचं माहीत नाही. घरात तुझं नाव निघालं की ते चप्पल घालून बाहेर जातात. सख्ख्या बहिणीचं नाव ऐकवत नाही माणसाला, काय म्हणायचं.

इकडे बातमी चांगली आहे. मला कायम केलं. तुझ्या दादांची हमाली सुटली, त्यांनाही गेटवर वॉचमन म्हणून कायम घेतलं. कंपनीच्या चाळीत खोली मिळाली. नळ दारातच आहे. सुजाता पहिलीत गेली. आत्या कधी येणार म्हणून विचारते, मी दिवाळीला म्हणून सांगते.

गोजरामावशीनं मागे विचारलं होतं, तुम्ही नणंद-भावजय त्या कारखान्यात करता तरी काय. तिला हे वाचून दाखव. मावशी, डॉक्टर तापाला काखेत लावतात तो थर्मामीटर आम्ही करतो. काचेच्या कांडीत केसाएवढं भोक असतं. बर्नरवाले तिच्या टोकाला फुंकून फुगा करतात, आणि फुग्याच्या जरा वर भोक आणखी चिमटतात, म्हणजे वर चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. मग त्या कांड्या आमच्या खोलीत येतात. कांड्यांची जुडी पाऱ्यात उलटी उभी करायची, वर काचेचं झाकण ठेवायचं, पंपानं आतली हवा ओढायची, आणि मग हवा हळूच सोडायची. सोडली की पारा एकदम कांड्यांत शिरतो. ते बघायला फार छान दिसतं. पुढे पाण्यात बुडवून खुणा करणं, मेण लावून रेघा ओढणं, तेजाबात टाकणं, ती खाती वेगळी.

यशोदा, तुझ्या जागेवर आता मी बसते. खिडक्या अजून बंदच असतात, वाऱ्यानं शेजारच्या बर्नरची ज्योत हलते म्हणून. पण त्याचं आता काही वाटत नाही.

चौकशीत मी जे बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस. साहेबांनी विचारलं, मी उत्तर दिलं. तू त्या दिवसांत चिडत होतीस, रडत होतीस, आणि भरलेला ट्रे बोरसे सुपरवायझरच्या अंगावर फेकलास, हे साऱ्या खात्यानं पाहिलं. मी फक्त एवढंच म्हटलं की तू पहिल्यापासून जरा हळवी आहेस. तुला काढायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

मावशीला जयभीम सांग. उत्तर पाठव.

तुझी वहिनी,
चांगुणा


सातपूर
४ डिसेंबर १९७९

प्रिय यशोदा,
सप्रेम जयभीम.

उत्तर आलं नाही. पत्र मिळालं असेल, कारण परत आलं नाही.

कालची गोष्ट. माझ्या पोतीतले दोन सोन्याचे मणी पांढरे पडले. तुझ्या कुड्या अशाच पांढऱ्या झाल्या होत्या, आठवतं? तेव्हा मी तुला हसले होते, सोनार फसवतो तुला म्हणून. सोनाराकडे नेले तर तो म्हणाला, "बाई, यानं पारा खाल्लाय. पाऱ्याच्या कामाला सोनं घालून बसता होय?" आता मणी काढून डब्यात ठेवलेत. खोलीतल्या सगळ्याजणी काढूनच येतात.

सुटताना झडती चालूच आहे. पारा चोरून नेतो म्हणून आमचे केससुद्धा सोडून बघतात. आणि फरशीच्या भेगांत सांडलेला असतो तो कोणी उचलत नाही. झाडू मारला की बारीक गोळ्या होऊन पळतो.

तुला एक सांगायचं होतं. मागच्या पत्रात मी 'हळवी' लिहिलं. मी सही केली त्या कागदावर तसं नव्हतं. "यशोदा ही लहानपणापासून डोक्यानं अधू आहे, तिच्या हातांचा कंप कामाला लागण्याआधीचा आहे, पाऱ्याचा संबंध नाही," असं लिहिलं होतं. टाईप केलेलं होतं, पण मी सातवी शिकलेली आहे. मी ते वाचलं, आणि मग सही केली.

तू मला त्या कारखान्यात घेऊन गेलीस तेव्हा तुझे हात कसे होते ते मला माहीत आहे. सुईत दोरा तू ओवायचीस, मी नाही.

थंडी पडलीय. मावशीची दम्याची गोळी चालू ठेव.

चांगुणा


सातपूर
२२ मार्च १९८१

यशोदा,
सप्रेम जयभीम.

वर्षभर लिहिलं नाही. तू लिहीत नाहीस तर कशाला, असं वाटायचं. पण दुसरं सांगायला कोणी नाही. चाळीत सगळी कंपनीचीच माणसं आहेत, भिंतीला कान आहेत.

मागच्या आठवड्यात कामावरून आले तर सुजाता जमिनीवर पालथी पडून ताटलीत काहीतरी खेळवत होती. म्हणाली, "आई, बघ, चांदीचे मणी. एकत्र केले की मोठा होतो." माझ्या लुगड्याच्या निरीतून पडले होते ते. झडतीतून सुटून घरी आले होते. मी ताटली हिसकावली आणि तिला मारलं. तिला कळेना का मारलं. मग ती ताटली कुठे टाकावी तेही कळेना. शेवटी चाळीमागे खड्डा करून पुरली. आता लुगडं बाहेरच बदलते आणि वेगळं धुते.

दुसऱ्या दिवशी बोरसेंना म्हटलं, मला पॅकिंगला टाका. ते म्हणाले, "तुझा हात बसलाय तिथे. नव्या बाईला शिकवायला सहा महिने जातात. आणि पॅकिंगला जायचं तर कायमचा कागद परत द्यावा लागेल."

घरी येऊन तुझ्या दादांना सांगितलं, मी काम सोडते, कुठे भाजीच्या मळ्यात जाईन. ते म्हणाले, "तू सोडलंस की मला ठेवतील असं वाटतं तुला? आपल्याला दोघांना एका कागदावर घेतलंय. खोली पण त्यातच आली." मग वाटलं, खरंच, आपण इथे काय कमावलं? नोकरी, त्यांची नोकरी, खोली. तिन्हीला एकच कुलूप आहे आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात.

यशोदा, हिरड्यांतून रक्त येतं. तोंडाला सारखी पितळेसारखी चव असते, भाकरी गोड लागत नाही. कारखान्याचा डॉक्टर म्हणतो अंगात रक्त कमी आहे. लाल गोळ्या देतो. तुलाही त्याच देत होता. तू थुंकायला उठायचीस तेव्हा बोरसे ओरडायचे आणि मी मान खाली घालून भरत राहायचे. हे मला आता रोज आठवतं, कारण आता मी उठते.

माझं अक्षर बघ. आधी असं नव्हतं.

चांगुणा


सातपूर
९ फेब्रुवारी १९८३

यशोदा,
सप्रेम जयभीम.

आज सगळं लिहिते. थांबून थांबून लिहावं लागतं, तेव्हा दोन दिवस लागतील.

दिवाळीपासून माझे हात धरत नाहीत. घरी चहाची कपबशी वाजते म्हणून मी पेल्यातून पिते. कामावर पंपाची हवा सोडताना झटका बसला की जुडीच्या जुडी फुकट जाते. महिनाभर नवसाबाईनं सांभाळून घेतलं. ती पेठ तालुक्यातली, तू होतीस तेव्हा नवीन लागली होती, बर्नरला घाबरायची ती. माझ्या वाट्याच्या जुड्याही ती भरून द्यायची. पण झाकणाची मोठी काच माझ्या हातून फुटली आणि बोरसे धावत आले. मी त्यांच्याकडे बघून मोठ्यानं रडायला लागले. मला थांबताच येईना. सगळ्याजणी बघत होत्या. मला तूच दिसलीस.

मला घरी बसवलं. आठ दिवसांनी नवसाबाई आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"चांगुणाबाई, तुला सांगायला आली. मला हाफिसात बोलावलं व्हतं."

"काय म्हणाले?"

"कागद दिला. तू पहिल्यापासून डोक्यानं अशी हायेस म्हून. तुझ्या नणंदेचंबी तसंच व्हतं, घरातच हाय ते तुमच्या, असं लिवलंय त्यात."

मी विचारलं, "तू सही केलीस?"

ती म्हणाली, "अंगठा दिला. माझं लय दिवसांचं कायम व्हायचं राहिलंय. त्यांनी दोन्ही कागद बरोबरच ठेवले पुढं." मग म्हणाली, "मला शिव्या दे. तू देशील म्हूनच आली."

यशोदा, मी तिला शिव्या देऊ शकले नाही. कोणत्या तोंडानं देणार? मी तिला चहा घे म्हटलं. तिनं माझे हात बघितले आणि स्वतःच चूल पेटवून चहा केला. दोघी प्यायलो. जाताना ती रडत होती.

मी तुझ्याबाबत सही केली तेव्हा तुझ्याकडे आले नव्हते. चार दिवस तुझ्याच हातच्या भाकरी खाल्ल्या आणि बोलले नाही. तुला चौकशीच्या खोलीत, साहेबानं वाचून दाखवल्यावर कळलं. तू वळून माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. तुला आधी खरंच वाटलं की साहेब चुकीचं नाव वाचतोय.

मी माफी मागत नाही. मागण्यासारखं काही राहिलेलं नाही. फक्त झालं ते झालं तसं लिहायचं होतं.

चांगुणा


सातपूर
१४ ऑगस्ट १९८३

यशोदा,
सप्रेम जयभीम.

मला कामावरून काढलं. तुझ्या दादांना अजून ठेवलंय, कारण मी गप्प आहे असं कंपनीला वाटतं. मी गप्प नाही. एप्रिलमध्ये मी सिव्हिल हॉस्पिटलला गेले. तिथल्या बाई डॉक्टरांनी मला कागदावर एक गोल काढायला सांगितला. मी काढला तो बघून त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि काम काय करता, खोली केवढी, खिडक्या किती, सगळं विचारलं. लघवीची बाटली मुंबईला तपासायला पाठवली. दोन महिन्यांनी म्हणाल्या, "बाई, तुमच्या अंगात पारा आहे. डोक्यात काही बिघाड नाही तुमच्या."

मी त्या पायऱ्यांवर बसून राहिले. मला वाटत होतं की मला बरं वाटेल. पण मनात आलं, यशोदाला हे एका माणसानं तरी सांगितलं होतं का?

त्यांचीच चिठ्ठी घेऊन कारखाना निरीक्षकांकडे गेले. साहेब तरुण आहेत. त्यांनी सगळं ऐकलं, लिहून घेतलं, मग कंपनीनं धाडलेल्या कागदांची जुनी फाईल मागवली.

"हा एकोणऐंशी सालचा जबाब तुमचाच ना?"

"हो."

"यात तुम्ही सांगताय की त्या यशोदाबाईंचा कंप कामाच्या आधीपासूनचा आहे, पाऱ्याचा संबंध नाही. आता सांगताय पाऱ्यामुळेच झालं. मग तेव्हा खरं बोललात की आता?"

"आता, साहेब."

"ते मी कशावरून धरू? कंपनीचा वकील उद्या हेच विचारणार. म्हणणार, ही बाई गरजेप्रमाणे जबाब बदलते. आणि तुमच्याविषयी दुसऱ्या बाईचा कागद आहेच. तुमची बाटली एकटी काय करणार? ते म्हणतील, घरी सांडला असेल."

यशोदा, त्यांचं काही चुकलं नाही. मी स्वतःच्या सहीनं स्वतःला त्या खोलीत कोंडून घेतलंय. दार बाहेरून लावलं असतं तर ओरडले असते. हे मीच आतून लावलंय.

मग त्यांनी विचारलं, "त्या यशोदाबाई आता कुठे आहेत? कशा आहेत?" मी म्हटलं मालेगावला आहे, मावशी चाळीतल्या एका बाईला म्हणाली होती की ती मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. साहेब एकदम पुढे झाले. "कांड्या भरतात? म्हणजे हात धरतात आता?" मी म्हटलं मला माहीत नाही. ते म्हणाले, "पारा सोडल्यावर हात सुधारले असतील तर तो कंप जन्माचा नव्हता. ते मला डोळ्यांनी बघायला हवं. त्यांना आणा."

तर हे असं आहे. माझं खरं ठरवायला तूच लागतेस. मला तुला ये म्हणायचा हक्क नाही, आणि मी म्हणतेय. माझ्यासाठी नको येऊस. त्या खोलीत आज अकरा बायका आहेत. खिडक्या अजून बंद आहेत. नवसाबाई माझ्या जागेवर बसते.

सुनावणी त्यांच्याच कचेरीत, पाच डिसेंबरला, सकाळी अकराला.

तुझ्या दादांना मी हे सगळं परवा सांगितलं. ते ड्यूटीवर गेले.

चांगुणा


पंचवटी, नाशिक
८ जानेवारी १९८४

यशोदा,
सप्रेम जयभीम.

पत्ता बदललाय. अक्षरही माझं नाही, ते तू ओळखलंच असशील. मी सांगतेय आणि लिहिणारे लिहितायत. माझ्यानं आता नावापलीकडे लिहवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, सहा महिन्यांत जरा फरक पडेल, तुला पडला तसा.

त्या दिवशी तू आलीस तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. निळं लुगडं, अंगानं भरलेली, आणि मावशीचा हात तू धरलेला. मला वाटायचं मावशी तुला धरून आणेल. तू माझ्याशेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसलीस. बरं केलंस.

वकील म्हणाला, "या बाईनं तुमच्याविरुद्ध जबाब दिला होता. आज तिच्या बाजूनं बोलायला कशा आलात?" तू म्हणालीस, "मी तिच्या बाजूनं नाही आले. तेव्हा ती खोटं बोलली. आज खरं बोलतेय. दोन्ही वेळी तिला मीच ओळखत होते." मला ते वाक्य पाठ झालंय. तू माझी बाजू घेतली असतीस तर मला ते सोसलं नसतं.

मग साहेबांनी आपल्या दोघींना एकाच कागदावर सही करायला सांगितली. तू केलीस, ओळीवर सरळ. त्याच्याखाली मी केली, वेडीवाकडी. साहेबांनी कागद उचलून वकिलापुढे धरला. वकिलानं चष्मा काढला आणि पुसत बसला.

तू लगेच निघालीस. मी द्वारका चौकापर्यंत मागे आले, वाटेत तू बघितलंस की नाही माहीत नाही. मालेगावच्या गाडीत मावशीला चढवलंस, मग वळून मला म्हणालीस, "वहिनी, तुझी सगळी पत्रं वाचली. पहिलं फाडून टाकलं." एवढंच. गाडी सुटली.

पुढे काय झालं ते तुला कळायला हवं. निकाल एकोणतीस डिसेंबरला लागला. पारा भरायची खोली बंद केलीय. खिडक्या फोडून पंखे बसवल्याशिवाय आणि फरशी उखडून नवी केल्याशिवाय उघडायची नाही, असा हुकूम आहे. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी अकराही जणींना सिव्हिलला नेलं, बाटल्या या वेळी तातडीनं तपासल्या. सात जणींत पारा निघाला. नवसाबाईत सगळ्यात जास्त. तिनं साहेबांपुढे जाऊन आपला अंगठा परत मागितला. साहेब म्हणाले, अंगठा परत देता येत नाही, नवा देता येतो. तिनं दिला.

तुझ्या फायलीवर साहेबांनी लिहिलंय की एकोणऐंशीचा निकाल चुकीचा होता. तो कागद या पाकिटात आहे. तुझं काम त्यानं परत मिळणार नाही, ते विचारलं मी. पण 'अधू' हा शब्द त्यांनी माझ्यादेखत लाल शाईनं खोडला.

आम्हाला खोली सोडावी लागली. यांची नोकरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी गेली. आता पंचवटीत एका फुलवाल्यांच्या मळ्याशेजारी पत्र्याची खोली आहे. हे सकाळी फुलांच्या पाट्या बाजारात नेतात. मी हार ओवायला बसले होते, सुई धरवेना, म्हणून पाकळ्या निवडते. सुजाता शाळेत जाते. खिडकीला गज नाहीत, नुसतं भोक आहे. थंडी वाजते. तरी मी पोतं लावू देत नाही.

आणखी काय सांगू. मावशीला जयभीम.

(सही) चांगुणा

यशोदे,

वरचं सगळं तिनं सांगितलं तसं लिहिलं. तिनं एक गोष्ट सांगितली नाही, आजवरच्या एकाही पत्रात सांगितली नसेल. ती आता बाहेर पाकळ्या निवडायला गेलीय, म्हणून लिहितो.

तो कागद घरी मी आणला होता. मॅनेजरनं माझ्या हातात दिला, गेटची नोकरी आणि खोली देतो म्हणाला. चांगुणानं दोन दिवस सही केली नाही. म्हणाली, यशोदानं मला भाकरीला लावलं, मी हे करणार नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, सही कर, नाहीतर पोर इथे ठेव आणि माहेरी जा. मग तिनं केली. आमच्यापैकी कोणीतरी तुझ्यासमोर बसायला हवं होतं, तर मी तिला पाठवलं आणि स्वतः गेटवर उभा राहिलो. तू रडत बाहेर आलीस ती माझ्यासमोरून गेलीस. मी फाटक उघडून दिलं.

तू तिलाच दोष देत राहिलीस, आणि मी देऊ दिला. तुझं नाव निघालं की उठून जायचो ते यासाठी.

माझे हात धड आहेत. तरी हे लिहायला पाच वर्षं लागली.

भिमाजी